सर्वगुणसंपन्न मोबाइल आणि सामान्य माणसाचा खिसा

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी मोबाइल फोनवर लेख लिहावा, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. त्यांना आमच्याकडून खरोसा लेण्यांवर किंवा मराठवाडा मुक्तिसंग्रामावर काही अपेक्षित असणार. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत पालकसभा संपल्यानंतर आम्हांस सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न इतिहासाचा नाही आणि अभ्यासक्रमाचाही नाही. "गुरुजी, लेकरू लई मोठ्या किमतीचा मोबाइल मागतंय. घेऊन द्यावा का?" हा तो प्रश्न होय. विचारणारी बहुधा मजुरी करणारी आई असते, किंवा दोन-अडीच एकर कोरडवाहू रानात सोयाबीन घेणारे वडील. उत्तर देताना आम्ही अनेकदा गडबडलो आहोत. म्हणून हा विषय एकदा मुळापासून पाहावा, असे ठरविले.

ज्यात कॅमेरा, संगणक, दूरदर्शन, बँक, नकाशा आणि खेळ असे सारे काही एकत्र आहे आणि ज्याची किंमत पन्नास हजारांपासून लाखापुढे जाते, असा फोन सामान्य ग्राहकास खरोखर हवा असतो काय? शहरातील काही जाणती मंडळी सांगतात की, सामान्य माणसास एवढे नकोच असते. बोलणे झाले म्हणजे पुरे. दुकानदार सांगतात की, हवा सर्वांनाच असतो, फक्त पैसे नसतात. ही दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. पहिल्या उत्तराला तर एक जुना वास आहे. तुम्हांला इतकेच पुरे, हे दुसऱ्याने ठरविण्याचा तो वास आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या घेतलेला आहे.

देवणीच्या बाजारातील पारख

देवणीचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते येथील गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे त्याचे तीन प्रकार आपल्या भागातील लहान मुलेही ओळखतात. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून हा वंश घडला, असे पशुतज्ज्ञ मानतात आणि त्याची गणना दुहेरी उपयोगाच्या जातींत करतात. गाय दुधाला बरी आणि तिचा गोऱ्हा औताला खणखणीत. ज्याच्याकडे दुधाची वेगळी गाय आणि कामाची वेगळी बैलजोडी ठेवण्याइतका चारा नाही, त्याला एकाच दावणीला दोन्ही कामे हवी असतात. म्हणजे 'सर्व काही एकात' ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला परकी नाही. तिची गरज श्रीमंतापेक्षा गरिबालाच अधिक असते.

मोबाइलचेही तसेच आहे. ज्याच्या घरी संगणक आहे, मोठा दूरदर्शन संच आहे, कॅमेरा आहे, त्याचा फोन केवळ बोलण्याचा असला तरी त्याचे अडत नाही. ज्याच्या घरी यांपैकी काहीच नाही, त्याला हे सारे त्या एका पट्टीएवढ्या यंत्रातूनच मिळावयाचे आहे. आम्ही एकदा नववीच्या विद्यार्थ्यांना घरातील मोबाइल कोणकोणत्या कामासाठी वापरला जातो, हे वहीत लिहावयास सांगितले. बोलणे तर सर्वांनीच लिहिले. त्याखाली बाजारभाव, ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांशी चित्रफितीवरून भेट, आजीच्या औषधाच्या पाकिटाचे छायाचित्र भावाला पाठविणे, भीमजयंतीची गाणी, रात्री रानात पाणी देताना उजेड अशा नोंदी होत्या. एका मुलीने लिहिले होते, 'बाबा गेले, त्यांचा आवाज त्यात आहे.' ही वही आम्ही अजून जपून ठेवली आहे.

मग अडते कोठे? ते समजण्यासाठी पुन्हा बाजारातच यावे लागते. गिऱ्हाईक बैल घेताना दात पाहतो. दोनदाती की चारदाती की जुळलेला, हे बोटांनी चाचपतो. खूर पाहतो, चालवून पाहतो, खांद्यावर हात ठेवून पाहतो. शेजारच्या गावच्या माणसाला मालकाविषयी विचारतो आणि मगच रुमालाखाली हात घालून किंमत बोलतो. जे गुण त्याच्या कामाचे, त्यांचेच पैसे तो मोजतो. दुधासाठी गाय घेणारा तिच्या गोऱ्ह्याच्या खांद्याचे दाम वेगळे देत नाही. हाच गिऱ्हाईक मोबाइलच्या दुकानात मात्र बंद खोक्यावरचे आकडे वाचून गप्प बसतो. इतके मेगापिक्सेल, इतके जीबी. त्यांतील कोणता आकडा त्याच्या कामाचा आणि कोणता नाही, हे त्याला कोणी सांगत नाही.

सोळा रुपयांचे मिनिट

थोडा इतिहास सांगितल्यावाचून आमच्याने राहवणार नाही. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्या वेळी आपल्याकडे पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. वसतिगृहातील मुलांचे पालक रविवारी तेथून फोन लावीत. समोरच्या यंत्रावरील लाल आकडे पळू लागले की, बोलणे आवरते घेत.

खरा बदल २००३ साली झाला. त्या वर्षी येणारे फोन निःशुल्क झाले आणि रिलायन्सने ५०१ रुपये भरून मोबाइल देण्याची योजना आणली. त्याच वर्षी नोकिया कंपनीने दोन फोन बाजारात आणले आणि त्या दोघांची गोष्ट आमच्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. पहिला 'एन-गेज'. फोन आणि खेळाचे यंत्र एकत्र केलेला, महागडा. त्यातील खेळ बदलावयाचा तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे आणि बोलताना तो कानाशी उभ्या कडेने धरावा लागे. दुसरा 'नोकिया ११००'. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. धूळ आत जाऊ नये असे बटणांवरचे रबरी आवरण होते, ओल्या हातातून निसटू नये अशी खरबरीत कड होती आणि डोक्यावर विजेरी होती. पहिला फसला. दुसऱ्याचे जगभरात पंचवीस कोटींहून अधिक नग विकले गेले. ज्या वर्षांत आपल्या खेड्यांत दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन असे, त्या वर्षांत ती विजेरी ही चैन नव्हती. विंचू-काट्याच्या वाटेवर ती लागतच असे.

यावरून कोणी म्हणेल की, सामान्य माणसाला साधाच फोन आवडतो. आम्ही तसे म्हणणार नाही. नोकिया ११०० हाही दोन वस्तूंचा संयोगच होता, फोन आणि विजेरी. लोकांनी संयोग नाकारला नाही; आपल्या कामाचा संयोग परवडणाऱ्या किमतीत निवडला. ऑगस्ट २००८ मध्ये 'आयफोन ३जी' भारतात आला, तेव्हा त्याची किंमत ३१,००० रुपये होती. त्या हंगामात पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला १,३९० रुपये होता. म्हणजे बावीस क्विंटलांहून अधिक सोयाबीन. कोण घेणार? पुढे २०१७ साली १,५०० रुपयांच्या परतीच्या ठेवीवर 'जिओफोन' आला. बटणांचाच फोन, परंतु त्यात इंटरनेट, गाणी, चित्रपट सारे होते. वर्षभरानंतर व्हॉट्सॲपही आले. असे फोन दहा कोटींहून अधिक लोकांच्या हाती गेले. आपल्या सीमेवरच्या गावांत, जेथे एका बांधावर महाराष्ट्राचा आणि दुसऱ्या बांधावर कर्नाटकचा मनोरा सापडे आणि पूर्वी घरात बसूनच रोमिंगचे पैसे कापले जात, तेथेही ते पोहोचले. किंमत खाली येताच 'सर्व काही एकात' असलेल्या वस्तूकडे सामान्य माणूस धावत गेला, हे त्याच्या नावडीचे लक्षण खासच नव्हे.

आजही देशात सर्वाधिक खपणारे स्मार्टफोन साधारण आठ-साडेआठ ते सतरा हजार रुपयांच्या टप्प्यातील असतात. महागड्या फोनात जे असते, त्यातील बहुतेक गोष्टी या टप्प्यातही मिळतात. राहिलेला फरक छायाचित्राच्या सफाईचा, वेगाचा, धातूच्या चकाकीचा आणि मागील बाजूस कोरलेल्या चिन्हाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'आयफोन १६' ची प्रारंभीची किंमत ७९,९०० रुपये होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे २६९ दिवसांचे काम. आणि केंद्राचा कायदा तेव्हा एका कुटुंबाला वर्षाकाठी शंभर दिवसांची हमी देत होता. सोयाबीनच्या मापात हा फोन सव्वासोळा क्विंटलांचा झाला, तोही ४,८९२ रुपयांचा हमीभाव हाती पडला तर. त्या हंगामात बाजारात त्याहून कमीच भाव मिळाला, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. आमच्या वर्गात टक्केवारीचा धडा आम्ही आता अशाच उदाहरणांनी शिकवितो. गणिताच्या शिक्षकांची त्यास हरकत नाही.

जेव्हा फोन सक्तीचा होतो

आतापर्यंत आम्ही आवडीविषयी बोललो. गेल्या काही वर्षांत मात्र प्रश्न आवडीचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि ते ॲपवर चढवावे, अशी पद्धत आली. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाइलवरून नोंदविणे बंधनकारक झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, बँकेचा व्यवहार ओटीपीवर. ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही, तो शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय आहे, हे बरे झाले. गावांतील एकेका तरुणाने अख्ख्या गल्लीची पिके नोंदविली आहेत, त्यांत आपले माजी विद्यार्थीही आहेत.

टाळेबंदीच्या काळाची आठवण तर अजून ताजी आहे. मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामे झाले आणि मुले आपापल्या गावी गेली. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ साली सुमारे ३६ टक्के होते, ते २०२२ पर्यंत सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. एवढी खरेदी चार वर्षांत झाली! ती हौसेने झाली नाही. कोणी शेळ्या विकल्या, कोणी उचल घेतली. त्याच अहवालांतील २०२१ चा आणखी एक आकडा आम्हांस अधिक बोलका वाटतो: घरी स्मार्टफोन असूनही चारांतील एका मुलाच्या हाती तो अभ्यासासाठी पडत नव्हता. फोन कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर जाई, किंवा मोठ्या भावाकडे असे. मुलींच्या वाट्याला तो शेवटी येई. घरातील एकाच माणसाकडे पन्नास हजारांचा फोन असण्यापेक्षा घरात दहा-दहा हजारांचे दोन असावेत, असे आम्ही पालकांना सांगू लागलो ते या अनुभवानंतर.

'सर्व काही एकात' याची दुसरी बाजूही आम्ही स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलाच्या आग्रहाने ऐपतीपेक्षा महाग फोन घेतला. त्याच्या शंभर गुणांपैकी दहा आम्हांस वापरता आले. पावसाळ्यातील एका सकाळी तो हातातून पडला आणि काच तडकून पडदा काळा झाला. नेमका त्याच आठवड्यात काही विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्ती अर्जांची मुदत संपत होती. त्यांची कागदपत्रे त्या फोनात, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता, त्यांचे ओटीपी आमच्याच क्रमांकावर येणारे. उदगीरला दुरुस्तीस नेला तर पडद्याची किंमत एका साध्या नव्या फोनाएवढी सांगितली. अखेर सिमकार्ड काढून शिपाई मामांच्या जुन्या बटणांच्या फोनात घातले, ओटीपी मिळविले, कागदपत्रे पुन्हा गोळा केली आणि अर्ज शेवटच्या दिवशी रात्री गेले. घड्याळ, कॅमेरा, बँक आणि कपाट एकाच वस्तूत असले की, ती पडल्यावर हे सारे एकदमच पडते. श्रीमंत माणूस दुसऱ्या दिवशी नवा घेतो. इतरांचे महिनाभर अडते.

मानाचा प्रश्न

तरीही एक गोष्ट केवळ हिशेबाने सुटत नाही. आपल्या वस्तीतील तरुण हप्त्यावर महागडा फोन घेतो, तेव्हा त्याला उधळ्या म्हणणे सोपे आहे. परंतु कोणी काय वापरावे, हे ठरविण्याचा अधिकार या देशात दीर्घकाळ जातीने आपल्या हाती ठेवला होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदविली आहे: तीर्थयात्रेहून आलेल्या अस्पृश्य गृहस्थाने जातभाईंना जेवण दिले आणि पानात तूप वाढले, एवढ्यावरून सवर्णांनी लाठ्या घेऊन त्या पंगतीवर हल्ला केला. तूप त्यांच्या स्वतःच्या पैशांचे होते. ज्यांच्या पणज्यांना तूप खाण्याबद्दल मार पडला, त्यांच्या पणतूने चारचौघांत चकाकता फोन टेबलावर ठेवावा, यामागची भावना आम्ही समजू शकतो. तिची थट्टा आम्ही करणार नाही आणि कोणी केलेली खपवूनही घेणार नाही.

पण या भावनेवर धंदा करणारे बाजारात बसले आहेत, हेही सांगितले पाहिजे. 'शून्य व्याजाचा हप्ता' ही पाटी आपण पाहिली असेल. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते. व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने किंवा रोख खरेदीवरील सवलत नाकारून वसूल होते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अशा हप्त्यांवर फोन घेतला, तिसऱ्या हप्त्याला काम सुटले आणि वसुलीचे फोन त्याच फोनवर येऊ लागले. त्याने तो बंद करून ट्रंकेत ठेवला. कामाच्या शोधात असलेल्या माणसाने आपला फोन बंद ठेवावा, याहून महाग खरेदी कोणती?

जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातून आलेली बातमी आपणांपैकी बहुतेकांनी वाचली असेल. वसतिगृहात राहून दहावीत शिकणाऱ्या मुलाने स्मार्टफोन मागितला, कर्जात असलेल्या वडिलांना तो घेता आला नाही आणि एका दिवसात त्या घरातील दोन जीव गेले. एका फोनपायी हे झाले, असे म्हणून आम्ही मोकळे होऊ शकलो नाही. मुलगा रुसला तर त्याच्याशी बोलणारे कोणी हवे आणि बाप कर्जाने वाकला तर त्याचे ऐकून घेणारे कोणी हवे. त्या आठवड्यात आम्ही दहावीच्या वर्गात इतिहास शिकविला नाही. मुलांना बोलू दिले. बरेच जण बोलले. आईवडिलांचे कर्ज किती, हे मुलांना आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक ठाऊक असते. असे कोणाच्या मनावर ओझे असेल, तर त्याने किंवा त्याच्या मित्राने रात्री-अपरात्रीही आमचे दार वाजवावे, हे आम्ही त्या दिवशी सांगितले आणि येथेही पुन्हा सांगतो.

पालकांना आम्ही हल्ली एक जुनीच वाटणी सांगतो. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी. फोनचे पैसे यांतील कोणत्या भागातून निघणार, हे आधी ठरवावे. १९१८ साली बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिताना तरुण बाबासाहेबांनीही पैशाच्या मोहाला सरसकट दोष दिला नव्हता. पैसा कोणत्या हेतूसाठी हवा आहे, यावर त्याचे बरेवाईट ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. आमचा एक माजी विद्यार्थी लग्नसमारंभांचे आणि धम्म परिषदांचे चित्रीकरण करतो. त्याने वापरलेला, पण उंची फोन निम्म्या किमतीत घेतला, कारण त्याला कॅमेऱ्याची सफाई हवी होती. ती किंमत दोन हंगामांत वसूल झाली. त्याच्यासाठी तो कामधंद्याच्या भागातील खर्च होता. तोच फोन त्याच्या धाकट्या भावासाठी उपभोगाचा ठरला असता आणि उपभोगाच्या एका भागात तो मावलाही नसता. अडचणीसाठी ठेवलेल्या चौथ्या भागाला मात्र कोणत्याही फोनसाठी हात लावू नये, याविषयी आम्ही जरा हट्टी आहोत.

गेल्या पालकसभेत हाच प्रश्न घेऊन वलांडीकडच्या एका माउली आल्या होत्या. सोबत दहावीतला मुलगा, मान खाली घातलेला. आम्ही त्याला रागावलो नाही. कागद दिला आणि फोनवर काय काय करणार, ते लिहावयास सांगितले. त्याने चार गोष्टी लिहिल्या: गणिताचे व्हिडिओ, शिष्यवृत्तीचे काम, मित्रांशी बोलणे आणि शाळेच्या गायन पथकाचे नीट चित्रीकरण. पहिल्या तिन्ही गोष्टी मामाच्या जुन्या फोनवर होत होत्या, हे त्यानेच आम्हांस करून दाखविले. बॅटरी तेवढी बदलावी लागणार होती. चौथी मात्र होत नव्हती. आवाज फाटत होता, चेहरे काळे येत होते. मुलगा चांगला गातो आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पथकासाठी शाळेने एक बरा कॅमेरा घ्यावा, असा अर्ज आम्ही त्याच्याच हातून लिहून घेतला आहे आणि संस्थेच्या येत्या बैठकीत तो ठेवणार आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे न वापरता पडून असलेला चांगला फोन असेल, तर तोही चालेल.